तान्हीचा चौकोन

रविवार, एप्रिल २००१, लिंकनशायर

नात दहा दिवसांची झाली, गाल कसे लोण्यासारखे! पण आज जीव थाऱ्यावर नाही. जनगणनेच्या फॉर्मवर आमच्या सुहासने, बारसं व्हायचंय म्हणून, नुसतं ‘बेबी’ लिहिलं आणि वंशाच्या प्रश्नाला ‘मिश्र’ या चौकोनात खूण केली.

म्हटलं, "अरे, पोरगी आहे का डाळ? इंडियनवर कर की!"

"आई, हेलन गोरी आहे ना."

तेही खरंच. पण आधी राहायचो त्या स्लाऊ गावात आपली किती माणसं होती! इथं नुसती शेतं, नि आपलं एकच घर. त्या चौकोनात ही एकटीच पडली तर?

इतक्यात सूनबाई बाळाला थोपटत म्हणाली, "आई, असेल ना इथं हिच्यासारखं दुसरं कुणी?"

म्हणजे हेलनलाही तीच धास्ती.

"असतील गं, पुष्कळ असतील," म्हटलं मी. मला काय माहीत?