गुंगीचा डोस

१२ नोव्हेंबर

सौ. वहिनींना सप्रेम नमस्कार.

लेक आणि नात सुखरूप असतील. नातीचा फोटो दादांनी इथल्या नर्सला दोनदा दाखवलाय, डाव्या हाताने.

फोनवर मी ‘जरासं लागलंय’ म्हणाले, ते खोटं होतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. जिवाला धोका नाही. उद्या तुम्ही इथे पोचाल तेव्हा मी वनखात्याच्या चौकशीला बसलेली असेन, म्हणून हे पत्र नर्सकडे ठेवून जातेय.

या डोंगरात बिबट्याच्या चारच माद्या उरल्यात. त्यातल्या एकीच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधायचा होता. अकरा वर्षं दादा माझी गाडी चालवतात, पण गुंगीतल्या जनावराचं डोकं धरायलाही मला तेच लागतात.

मादी गाभण दिसली. पिल्लांना बाधू नये म्हणून मी गुंगीचा डोस कमी केला. कुणाला सांगितलं नाही. दादांनाही नाही.

मी पट्टा आवळत होते तेव्हा दादा हळूच म्हणाले, “बाई, हिचे कान हलतायत.”

मी म्हटलं, “दोनच मिनिटं.”

एकसुद्धा मिळालं नाही. ती उठली ती माझ्यावरच. दादांनी मला ढकललं आणि स्वतःचा हात मध्ये घातला. मग तिने हात सोडला आणि झाडीत गेली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, “पट्टा बसला का?”

वहिनी, आता जे लिहायचं टाळत होते ते. अहवालात असं खोटं लिहिलंय की गुंगीत जनावराच्या डोळ्यांवर बांधतात ती पट्टी ड्रायव्हरने वेळेआधी काढली. खात्यातल्या माझ्या साहेबांनी तो तयारच ठेवला होता. मी सही केली. दादांना सांगितलं तर म्हणाले, “बरं केलंत. ड्रायव्हर छप्पन मिळतील. तुम्ही गेलात तर या जनावरांकडे कोण बघणार?”

ते रागावले असते तर कदाचित मी गप्प बसले असते.

आज सही मागे घेतेय. डोस किती दिला, का दिला, त्यांनी सावध केलं होतं, सगळं लिहून दिलंय. बहुतेक नोकरी जाईल. दादा माझ्यावर चिडतील, त्यांना तुम्ही सांभाळा.

क्षमा मागायला तुमच्यासमोर येईन. दार उघडायचं की नाही, ते तुमच्यावर.

तुमची अपराधी,
डॉक्टरबाई