नऊ मिनिटं उशीर

हादोंग
१७ नोव्हेंबर २०१८, शनिवार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. भावोजींचे गुडघे कसे आहेत? इंचॉनला एव्हाना बोचरा वारा सुटला असेल. इकडे नदीवर सकाळी धुकं असतं, पण दुपारी अजून स्वेटर काढावा लागतो.

पर्सिमनची पेटी सोमवारी पाठवली आहे. यंदा फळ मोठं आहे पण कडक आहे. आठ-दहा दिवस तशीच राहू दे, मग मऊ पडतील. आधीच्या वर्षांच्या पेट्या तू परत पाठवल्यास, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गेल्या वर्षीची परत आली नाही. तुम्ही खाल्लीत की शेजारी वाटलीत, ठाऊक नाही. परत आली नाही, एवढ्यावरच मी हे पत्र लिहायला बसलो आहे. फोन तू उचलत नाहीस.

बाबांच्या थडग्यावरचं गवत चुसॉकच्या सणाआधी मीच कापतो. तू येतेस तेव्हा ते कापलेलं असतं, म्हणून सांगितलं. काकांची मुलं कापत असतील असं तुला वाटत असेल.

मी अजून त्याच मार्गावर गाडी चालवतो. वरच्या गावातून सकाळी सात दहाला निघतो, खाली बाजारात आठला पोचतो. दिवसाला चार फेऱ्या. माझी तब्येत बरी आहे. पोटाचा जुना त्रास आहे, तो आहेच.

गाडीत बहुतेक म्हाताऱ्याच असतात. दर पाच दिवसांनी बाजार भरतो तेव्हा रानभाज्या, चेस्टनट, वाळवलेली मिरची, काय काय गाठोड्यात बांधून आणतात. पुढच्या सीटवर सोलगोलची आजी बसते. वय एकोणऐंशी. सोलगोल तिचं माहेर, म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात. तिचं खरं नाव मला परवा परवा कळलं. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी पोटाचं नीट सांगावं लागेल. वर लिहिलंय ते अर्धवट आहे.

माझ्या मोठ्या आतड्यात जखमा होतात. अकरा वर्षं झाली. गोळ्यांनी दबतात, पुन्हा उठतात. रक्त पडतं. आणि कळ आली की दोन मिनिटंही धरवत नाही. दिवसातून दहा वेळा, वाईट दिवसांत वीस वेळा परसाकडे धावावं लागतं. बस चालवणाऱ्या माणसाला हा आजार व्हावा यात विनोद आहे, आणि तो मी स्वतःशीच पुष्कळदा करून झाला आहे. पहाटे काही खायचं नाही, पाणीसुद्धा घोटभर. पँट कायम काळी. सीटखाली पिशवीत जादा कपडे. आगारातल्या जेवणावळींना मी जात नाही, म्हणून लोक मला चिकट म्हणतात. म्हणोत. कोणत्या वळणावर कुणाचा संडास आहे, कुठे नुसती बांबूची झाडी आहे, हे मला थांब्यांच्या नावांपेक्षा जास्त पाठ आहे.

तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, बाजाराच्या दिवशी पुलाजवळ कळ आली. गाडीत अकरा माणसं होती. मी गाडी बाजूला घेतली, काही न बोलता उतरलो आणि बांबूत धावलो. पोचलो नाही, ताई. चार पावलं कमी पडली. आणि त्या दिवशी नेमकी पिशवी घरी विसरली होती.

मी गाडीच्या मागच्या बाजूला येऊन उभा राहिलो. वर चढणार कसा? तेवढ्यात सोलगोलची आजी खाली उतरली.

"काय रे ड्रायव्हर, गाडी बिघडली?"

"आजी, तुम्ही वर बसा."

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग गाडीकडे तोंड करून ओरडली, "गाडी बिघडलीय गं! गप बसा सगळ्या, खिडकीतून डोकावू नका. गडी इंजिनात घुसलाय, त्याला काम करू द्या!" आणि गाठोडं सोडून तिने एक नवीकोरी पँट काढली. बायका शेतात घालतात ना, ढगळ, नाडीची, फुलाफुलांची. जांभळी. "मला मोठी झाली म्हणून बदलायला नेत होते. तुला बसेल. ओढ्यावर धुऊन घे आणि घाल."

मी जांभळ्या फुलांची पँट घालून बाजारापर्यंत गाडी नेली. सगळ्या खिडकीबाहेर बघत बसल्या. उतरताना एकीने फक्त म्हटलं, "रंग खुलतो हो तुम्हाला." बाकीच्या हसल्या. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, पण मी मान वर केली नाही.

त्यानंतर आजीने एक नवंच काढलं. ती माझ्या मागच्याच सीटवर बसायची. माझ्या मानेला घाम सुटलेला तिला दिसला की मोठ्याने म्हणायची, "ए ड्रायव्हर, थांबव, मला जायचंय! म्हातारपणी धरवत नाही!" खताच्या दुकानापाशी गाडी थांबायची. मा नावाचा दुकानदार मागचं दार उघडं ठेवायचा. आजी दुकानात जाऊन त्याच्याशी खतांच्या भावावरून भांडत बसायची, आणि मी टायर बघायच्या निमित्ताने मागे जाऊन यायचो. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं त्या बाईने माझी लाज स्वतःच्या नावावर घेतली. लोक तिला चिडवायचे, ती उलट शिव्या द्यायची.

रविवार

काल इथेच थांबलो. आता पुढचं लिहितो.

गेल्या वर्षी प्यो गुरुजींनी तक्रार केली. वरच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना जिन्जूला डोळ्यांच्या उपचाराला जायचं होतं, माझी गाडी नऊ मिनिटं उशिरा पोचली आणि पुढची चुकली. डॉक्टरांची वेळ गेली, नवी तारीख दीड महिन्याने मिळाली. माणूस चुकीचा नव्हता. त्यांनी तीन पानी अर्ज केला: 'एका वृद्धेच्या वैयक्तिक गरजेसाठी सार्वजनिक गाडी वारंवार थांबवली जाते.' सोबत तारखांचा तक्ता जोडला होता. एकोणीस तारखा.

आगारप्रमुखाने मला बोलावलं. आजीलाही कुणीतरी कळवलं असावं, कारण मी आत गेलो तेव्हा ती आधीच खुर्चीत बसलेली होती, गाठोडं मांडीवर.

"आजी, तुम्ही यापुढे टॅक्सीने जा," प्रमुख म्हणाला. "आणि तुम्ही, वेळापत्रक सोडून एकदाही थांबलात तर गाडी काढून घेईन. काही बोलायचं आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"नाही कसं?" आजी उठली. दार सताड उघडं, बाहेर पाच-सहा चालक कॉफी पीत उभे. "माझं मूत्राशय ठणठणीत आहे, साहेब. मी बाजारातून घरी येईपर्यंत जात नाही. आतडी याची नासलीत. रक्त पडतं याचं. हा थांबतो, मी नाही. आता काढा गाडी!"

 कुणाच्या तरी हातातला कागदी कप चुरगळल्याचा आवाज मला ऐकू आला.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर धावून गेलो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"कुणी नाही. नोकरी गेली असती."

"जाऊ द्यायची होती!"

"म्हणजे सात दहाला आम्हाला तू नाही तर तो नाम ड्रायव्हर नेणार? दर वळणावर गाठोडी सांडतो मेला. तुझ्यासाठी नाही बोलले, जा."

आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही. ती चढायची, बसायची, उतरायची. मी समोर बघायचो. खरं सांगतो, तिचे उपकार मला दिसत नव्हते. मला फक्त त्या कपाचा आवाज आठवायचा.

पुढे झालं ते असं. प्रमुखाने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि खताच्या दुकानापाशी सहा मिनिटांचा अधिकृत थांबा वेळापत्रकात घातला. नुसता कागद हातात दिला. पुढच्या बाजाराच्या दिवशी प्यो गुरुजी चढले, दांड्याला धरून उभे राहिले आणि वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मला आधी सांगितलं असतं तर मी अर्ज केला नसता."

"कसं सांगणार, गुरुजी?"

त्यांनी थोडा विचार केला. "तेही खरं." मग म्हणाले, "माझ्या घराच्या मागच्या दाराला कुलूप नसतं. वळणापाशीच आहे. येताना बूट बाहेर काढायचे." जिन्जूला जाणाऱ्यांनी कोणती गाडी धरावी याची सूचनाही त्यांनीच सुंदर अक्षरात लिहून सहा थांब्यांवर चिकटवली.

आता वाटेत माझी चार दारं आहेत. मा, गुरुजी, मधल्या गावचं समाजघर आणि देवळाच्या भटजीणबाई म्हणाव्यात अशा एक भिक्षुणी आहेत, त्यांचं. कुणी ना कुणी थर्मासात तांदळाची पेज देतं. कधी खारट, कधी करपलेली. सगळं गोड झालं असं समजू नकोस. नाम अजून माझं कपाट उघडलं की नाक धरतो. शाळेच्या मुली खिदळतात. काही दिवस मला पेजेचा आणि लोकांच्या काळजीचा इतका वीट येतो की एखादा थांबा न थांबता पुढे जावं वाटतं. पण जात नाही. थांबतो, पेज घेतो.

आजीशी बोलणं पुन्हा कसं सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. एक दिवस तिने मागून विचारलं, "तुला बहीण आहे ना?" मी आहे म्हटलं.

"तिला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं मी दारू पिऊन पळालो."

"कुठून पळालास?"

मग मी तिला सांगितलं. तुझ्या आधी तिला सांगितलं, याची क्षमा कर.

ताई, बाबांना माती द्यायच्या वेळी मी टेकडीवरून पळालो नव्हतो.

तीन दिवस दवाखान्याच्या शोकगृहात येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत मी उभा होतो. तीन दिवस काही खाल्लं नव्हतं, त्या भीतीनेच. तुम्ही समजलात की शोकाने. टेकडी चढताना कळ सुरू झाली. खड्ड्याकाठी काकांनी माझ्या हातात फावडं द्यायला हात पुढे केला, आणि मला कळलं की आता इथेच, सगळ्यांसमोर, बाबांच्या उघड्या खड्ड्यापाशी होणार. मी पाइनच्या झाडीत उतरलो. पोचलो नाहीच. अंगावर तागाचे शोकाचे कपडे. खाली ओढ्यात कडेला बर्फ होतं. मी कपडे काढून त्या पाण्यात धूत बसलो. वरून तू मला हाका मारत होतीस, "बोंग-हो! बोंग-हो!" मला स्पष्ट ऐकू येत होतं. मग हाका थांबल्या. मग माणसं माती तुडवताना गातात ते गाणं सुरू झालं. पहिली माती तू घातलीस, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ओल्या कपड्यांत मी थांब्यावर गेलो आणि निघून आलो. संध्याकाळी काकूंनी फोनवर विचारलं, रात्रभर प्यायला होतास ना? मी हो म्हटलं. मला ते सोपं वाटलं. बापाच्या मातीला दारुडा मुलगा थांबला नाही, हे लोक बोलतात आणि विसरतात. दुसरं मला तोंडातून काढता आलं नाही. तू फोनवर म्हणालीस की आजपासून तुला भाऊ नाही, तेव्हाही मला वाटलं, असू दे, पण हिला ते कळायला नको. असा मी मूर्ख. आजीनेही हाच शब्द वापरला, आणि मग एक चेस्टनट सोलून माझ्या हातावर ठेवला.

आता शेवटचं. मागच्या महिन्यात तपासणीत आतड्यात वाईट पेशी दिसल्या. अजून पसरलेल्या नाहीत. मोठं आतडं पूर्ण काढायचं ठरलं आहे, चार डिसेंबरला, जिन्जूच्या दवाखान्यात. पुढे काही महिने पोटाला बाहेरून पिशवी राहील, कदाचित कायमची. मी हे गाडीत सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "पिशवी तर पिशवी. आम्ही जन्मभर गाठोडी वाहिली, मेलो का?" बदली चालक नाम आहे. बायकांनी त्याला आधीच दम दिला आहे. पाळीपाळीने माझ्याजवळ कोण बसणार याची यादी गुरुजींनी केली आहे, तक्त्यासकट. तेव्हा माझी आबाळ होणार नाही, हे नीट लक्षात घे. मी मदत मागायला लिहीत नाही.

पण दवाखान्याचा एक कागद आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी काही कमीजास्त झालं तर कुणाला कळवायचं, त्याचं नाव आणि नातं. आजी म्हणाली होती, "माझं लिही. नातं विचारलं तर सांग, प्रवासी." खिडकीतल्या मुलीने पेन दिलं. मी आजीचं नाव लिहिणारच होतो, आणि लिहिलं तुझं. यांग मल-सुक, बहीण. तुझा नंबरही. न विचारता लिहिलं. मागे रांग होती, आणि खोडता आलं नाही.

त्या दिवशी फोन वाजला तर तो त्यांचा असेल. उचलायचा की नाही, हे तू ठरव. भावोजींना थंडीत मोजे घालायला सांग.

बाबांच्या वेळी खाली ओढ्यात असलेला,
तुझा धाकटा भाऊ
बोंग-हो