सात मुले, चार शैली

शनिवार, २६ जुलै. सकाळी ६.१०
आजपासून ही रोजनिशी. कोणताही शैक्षणिक प्रयोग दररोज नोंदवला गेला पाहिजे, असे मी पुण्यात एम.एड.च्या पेपरात लिहिले होते. आता ते आचरणात आणतो आहे. मध्ये बावीस वर्षे गेली. ही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही, त्यामुळे यात फक्त सत्य लिहिले जाईल.

परिस्थिती अशी. सिडनीच्या गिरावीन उपनगरात दर शनिवारी दहा ते बारा मी मराठीचा वर्ग घेतो. सात मुले, वये आठ ते अकरा. पाच टर्म्स झाल्या. सातही मुलांना ‘नमस्कार’, ‘माझं नाव अमुक’ आणि ‘टॉयलेटला जाऊ का’ ही वाक्ये येतात. तिसरे वाक्य विशेष सफाईने येते. दोन तासांत सरासरी अकरा वेळा.

काल इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी यामिनीचा फोन आला. २० सप्टेंबरला वार्षिक कार्यक्रम. वर्गातल्या प्रत्येक मुलाने स्टेजवर, कागद हातात न घेता, दोन मिनिटे मराठी बोलायचे. जमले नाही तर वर्ग बंद आणि वर्गाची खोली झुम्बाच्या नाचवर्गाला. मी नो वरीज म्हटले. ती म्हणाली, अजित, या वेळी जरा वरी कर.

केवळ पूर्णतेसाठी नोंद: सोमवार ते शुक्रवार मी एका गोदामात फोर्कलिफ्टवाल्यांना सेफ्टीचा व्हिडिओ दाखवतो. माझे काम प्ले दाबणे. ‘सर’ मला फक्त शनिवारी म्हणतात.

सकाळी ७.००
कारण सापडले. दोष मुलांचा नाही. शिक्षकाचा तर नाहीच. मी सातही जणांना एकाच पद्धतीने शिकवत होतो, एवढेच. प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून, कोणी हातांनी करून. शैली ओळखली की मराठी आपोआप आत जाईल. यशाची शक्यता: ९५ टक्के.

बुधवार, ३० जुलै
शैली-चाचणी तयार. ६४ प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. नमुना म्हणून प्रश्न १७: तुला आंबा समजून घ्यायचा आहे. तू काय करशील? (अ) आंब्याचे चित्र पाहीन. (आ) आंब्याविषयी ऐकेन. (इ) आंब्याविषयी वाचेन. (ई) आंबा हाताळून पाहीन.

कुशलवर पूर्वपरीक्षण केले. हा माझा मुलगा, वय नऊ, याच वर्गात. तो म्हणाला, डॅड, आय’ड जस्ट ईट इट. हा पर्याय उपलब्ध नव्हता. शून्य गुण दिले.

शनिवार, २ ऑगस्ट
चाचणी घेतली. दोन तासांत ४१ प्रश्न झाले, उर्वरित घरी पाठवले. मुलांना मराठी येत नसल्यामुळे चाचणी इंग्रजीत घ्यावी लागली. यामुळे निकालावर भाषेचा परिणाम झाला नाही, ही जमेची बाजू.
आज शिकवलेले मराठी: नाही. पाया घालताना भिंती दिसत नाहीत.

रविवार, ३ ऑगस्ट
निकाल. पाहून शिकणारे तीन, ऐकून दोन, वाचून एक, करून एक. दुपारी ४.२० ला पालकांच्या ग्रुपवर टाकला. पारदर्शकतेच्या दृष्टीने गुणांसह.
४.२१ ला पहिला फोन. कुमार, म्हणजे विहानचे वडील. विहान ‘करून’ गटात एकटाच का, असे विचारत होते. मी शांतपणे सांगितले की शैलीत वरखाली काही नसते, ती रक्तगटासारखी असते. ते म्हणाले, ते समजलं सर, पण टॉपर कोण आहे?

शनिवार, ९ ऑगस्ट
पालक मुलांना सोडून गेले नाहीत. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मी याला सहभाग समजतो.
कुमार म्हणाले की सरळ हिशेब आहे, वाचणारी पोरं डॉक्टर होतात आणि हातांनी करणारी ट्रेडी, म्हणजे प्लंबर-सुतार. नुपूरची आई चित्रा म्हणाली, मग होऊ दे की ट्रेडी, आमच्याकडे आलेल्या प्लंबरची गाडी तुमच्या गाडीपेक्षा मोठी होती. कुमार म्हणाले, एवढं कौतुक आहे तर नुपूरला द्या ना आमची जागा. चित्रा म्हणाली, तुमची जागा तुम्हालाच लखलाभ, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुद्धा तुम्ही असेच करत असणार. कुमार म्हणाले, तुम्ही माझ्या सोसायटीत कधी आलात? मी म्हटले, मुळात आपण संकल्पना समजून घेऊ. कोणी समजून घेतली नाही. चाळीस मिनिटे गेली.
मुले मात्र गालिच्यावर ओळीने, मांडी घालून, शांत बसली होती. एकही जण टॉयलेटला गेला नाही. वर्गाची शिस्त लक्षणीय सुधारली आहे.
शिकवलेले मराठी: नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट
बायकोने, म्हणजे विनीताने, एक लेख पाठवला. शैलीप्रमाणे शिकवल्याने माणूस जास्त शिकतो असे संशोधनात दिसलेले नाही, असा त्याचा आशय आहे असे ती म्हणाली. लेख लिखित स्वरूपात होता. मी स्वतः श्रवणप्रधान आहे. त्यामुळे तो मला लागू होत नाही. हे तिला सविस्तर सांगितले. पंचवीस मिनिटांनी तिने विचारले, तू श्रवणप्रधान आहेस तर मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेव हे चार वेळा म्हटलेलं कुठे गेलं?
विषयांतर.

शनिवार, १६ ऑगस्ट
लोकाग्रहास्तव फेरपरीक्षा.
विहानने ६४ पैकी ६४ वेळा (इ) निवडले. वाचन-लेखन. आणखी दोघांचे तसेच. विचारणा केली तेव्हा समजले की या पोरांचा रविवारचा मॅथ्स ट्यूशनवाला आता लर्निंग स्टाइल प्रिपरेशनची बॅचही घेतो. दोन मॉक टेस्ट झाल्या. आंब्याचा प्रश्न आला की डोळे मिटून (इ), असे शिकवले आहे. कुमार म्हणाले, इथे सिलेक्टिव्ह स्कूलच्या प्रवेशपरीक्षेसाठी चौथीपासून तयारी करतात सर, तुम्ही आम्हाला आठ दिवस सुद्धा दिले नाहीत.
प्रथम निराश झालो. मग लक्षात आले की यातून शिकण्याची शैलीच शिकवता येते हे सिद्ध होते. असे आजवर कोणी सिद्ध केले असेल असे वाटत नाही. शोधनिबंध लिहिण्याचा संकल्प. मथळा तयार आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट
वर्गाचे चार कोपरे केले. पाहण्याच्या कोपऱ्यात चित्रे. ऐकण्याच्या कोपऱ्यात हेडफोन. वाचण्याच्या कोपऱ्यात बालभारतीच्या झेरॉक्स. करण्याच्या कोपऱ्यात चिकणमाती, जेणेकरून मुळाक्षरे बोटांना आठवतील.
फेरपरीक्षेप्रमाणे वाचण्याच्या कोपऱ्यात चार मुले, टेबल दोघांचे. पाहण्याच्या आणि ऐकण्याच्या कोपऱ्यात एकेक. मातीत एकटी नुपूर. चित्रा म्हणाली, आम्ही कांदिवली सोडून इथवर आलो ते पोरीने चिखल तुडवावा म्हणून? कुमार म्हणाले, आता कुठे गेला तुमचा प्लंबर? चित्रा म्हणाली, क्लास लावून पोराला (इ) करायला शिकवलंत, तोंडाने इ तरी म्हणता येतं का त्याला? कुमार म्हणाले, माझ्या पोराचं नाव काढायचं काम नाही. मी प्रोजेक्टर लावून ३५ मिनिटे संकल्पना मांडली. अठराव्या स्लाइडला कुमार म्हणाले, सर, राग मानू नका, पण हे तुमचं थोतांड आता पुरे करा. त्यावर चित्रा म्हणाली, सरांना थोतांड म्हणायचं नाही, ते मी म्हणणार होते.
मी मनावर घेतले नाही. मुले का हसत होती ते कळले नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. दुपारी
गोदामात चाचणीचा प्रयोग करण्याची परवानगी मागितली. सुपरवायझर म्हणाला, मेट, दे ड्राइव्ह फोर्कलिफ्ट्स, यू वॉण्ट देम टू लर्न बाय डूइंग. एका वाक्यात निष्कर्ष काढणारी माणसे प्रगतीला अडथळा ठरतात.

शनिवार, ३० ऑगस्ट
यामिनी अचानक वर्गात आली. पालक भांडत होते, विषय टेबलाचा. ती म्हणाली, मुलं कुठायत? मुले भिंतीशी बसून मॅण्डरिन संत्री सोलून खात होती आणि भांडणाकडे पाहत होती. मी सांगितले की हा संक्रमणकाळ आहे. तिने त्यांतल्या स्पृहाला मराठीत विचारले, काय शिकलीस गं? स्पृहा तिच्याकडे पाहून म्हणाली, स्टफ.
यामिनी जाताना म्हणाली, झुम्बावाली खोलीची मापं घ्यायला येईल, तिला आत येऊ दे.
यशाची शक्यता: ९० टक्के.

शनिवार, ६ सप्टेंबर
आज सुचलेली योजना निर्दोष आहे. प्रत्येक मूल आपापल्या शैलीत दोन मिनिटे ‘बोलेल’. पाहणारा पोस्टर घेऊन उभा राहील. ऐकणाऱ्याच्या शेजारी माझ्या आवाजातले रेकॉर्डिंग वाजेल. वाचणारे मनात वाचतील. करणारी मूकाभिनय करेल. भाषणात बोलणे अनिवार्य का असावे, हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नाही.
यामिनीला फोनवर योजना समजावली. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, अजित, तोंडातून. मराठी. पोरांच्या.

शनिवार, १३ सप्टेंबर
रंगीत तालीम. सात मुलांचे एकत्रित बोलणे: ३८ सेकंद. त्यात विहानचा खोकला धरला आहे. दुसऱ्या तासाला कोणी आधी बोलायचे यावरून पालकांचे जुंपले. चित्रा म्हणाली, वर्णानुक्रम लावा. कुमार म्हणाले, वर्णानुक्रमात आम्ही तुमच्या मागे येतो हे तुम्ही मोजूनच आला होतात. मुलांनी पाहिले.
संध्याकाळी गाडीतच बसून राहिलो. शनिवारी दहा वाजता माणूस आणखी काय काय करू शकतो याची यादी करायला घेतली. बनिंग्जला जाऊन खिळे-स्क्रू पाहणे. यादी अपूर्ण.
शक्यता: ८५ टक्के. ठोकळ आकडा म्हणून ठेवली आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
कुशलने विचारले की आम्ही सातही जणांनी मिळून नाटक केलं तर चालेल का, आम्ही ते स्कूलमध्ये लंचला प्रॅक्टिस करतोय. हे सगळे इंग्रजीत. मी विचारले, या नाटकाचे अध्ययन-उद्दिष्ट काय? तो म्हणाला, डॅड, चिल.
विनीताला विचारले. ती म्हणाली, तुझ्याकडे दुसरं काय आहे? वस्तुनिष्ठपणे पाहता, काही नाही. परवानगी दिली.

शनिवार, २० सप्टेंबर. दुपारी ३.००
जे घडले ते क्रमाने नोंदवतो.
पडदा उघडला. स्टेजवर गालिचा. विहान कमरेवर हात ठेवून, खिशात फोन खोचून पुढे आला आणि म्हणाला, सरळ हिशेब आहे, टॉपर कोण ते सांगा. आवाज, मान, सगळे कुमार. नुपूर म्हणाली, तुमची जागा तुम्हालाच लखलाभ. तिथून पुढे चौदा मिनिटे. प्लंबर आला, चिखल आला, कांदिवली आली, सोसायटीची मीटिंग आली. लखलाभ, थोतांड, वर्णानुक्रम, हे शब्द मी पाच टर्म्समध्ये एकदाही शिकवलेले नाहीत. एकाने दुसऱ्याचे वाक्य तोडायचे, तिसऱ्याने मध्येच तोंड घालायचे, चौथ्याने ‘राग मानू नका’ म्हणून राग येईल असेच बोलायचे, हे सर्व बिनचूक. विंगेतून एकदाही प्रॉम्प्ट नाही. हॉलमध्ये लोक खुर्च्यांवरून घसरत होते.
कुशल माझी भूमिका करत होता. त्याने माझा ब्लेझर घातला होता. तो सारखा पुढे येऊन म्हणत असे, मुळात आपण संकल्पना समजून घेऊ, आणि बाकी सहा जण त्याला हाताने बाजूला सारून पुढे भांडत. मी मोजले. एकोणीस वेळा. विसाव्या वेळी त्याने तोंड उघडले आणि सगळे प्रेक्षकच ते वाक्य म्हणाले.
माझे वाक्य तीनशे लोकांना पाठ झाले आहे, हे इथे नमूद करतो.
कुमार माझ्या शेजारी बसले होते. रागावतील असे वाटले. ते डोळे पुसत म्हणाले, विहानला जास्त डायलॉग होते ना सर? मागून चित्रा म्हणाली, मोजा, नुपूरला तीन जास्त होते.

दुपारी ४.३०
विश्लेषण. मुलांनी हे पाहिले, की ऐकले, की करून पाहिले? कोणत्या शैलीत बसवावे? पाचव्या शैलीची शक्यता तपासली पाहिजे. तक्ता काढायला घेतला. पाचव्या रकान्याला नाव सुचत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर
मंडळाच्या समितीची बैठक, पालकांसह. वर्ग चालू राहणार. झुम्बाला दुसरी खोली मिळेल. मी कोणाला दिसू नये म्हणून जिन्यात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो, मग परत आलो.
पुढची टर्म १८ ऑक्टोबरपासून. ठराव असा: पालकांनी दर शनिवारी पूर्ण दोन तास वर्गात थांबावे आणि भांडावे. विषय आधी ग्रुपवर कळवला जाईल. पहिला विषय: घर कुठे घ्यावे, केलीव्हिलला की गिरावीनला? कुमारनी आत्ताच केलीव्हिलची बाजू घेतली आहे. चित्राने अजून बाजू सांगितली नाही, पण ती कुमारच्या विरुद्ध असेल असे तिने कळवले आहे.
यात शिक्षकाची भूमिका काय, असे मी विचारले. ज्यात पालक बोलतात आणि मुले ऐकतात, त्या वर्गात मी नेमका कशासाठी? सोबत बारा स्लाइड्सचे सादरीकरण नेले होते. ते सुरू केले. तिसऱ्या स्लाइडला कुमार आणि चित्रा एकमेकांवर तुटून पडले.
यामिनीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, अजित, तू यायलाच हवंस रे. तू समजावायला लागल्याशिवाय यांचं सुरूच होत नाही.
नियुक्ती स्वीकारली.