काकूला समजेपर्यंत

सानपाडा,
४ डिसेंबर २०२४

ती. शिवरामकाका यांना,
संघमित्राचा सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकू फोन हातात धरत नाही, म्हणून पत्र. आम्ही बरे आहोत. तुम्ही विहारात सुरू केलेला मोफत वर्ग चालू आहे. माझ्याबरोबर तुमच्याकडे शिकलेला सुधीर ऑफिसातून थेट येऊन इंग्रजी घेतो. मी विज्ञान घेते.

पण तुम्ही दोघं गावी गेल्यापासून दार मोकळं आहे. काकू तिथे मेथी निवडत बसायची. निघताना प्रत्येकानं त्या दिवशीचा धडा तिला सांगायचा. तिला समजला तर चपला घालायच्या, नाही तर परत आत. ग्रहणाच्या धड्यासाठी तिनं मला किती वेळा आत पाठवलं होतं! शेवटी तिच्याच टोपलीतला कांदा आणि लिंबू दिव्याखाली फिरवले, तेव्हा सुटले. तुम्ही आतून हसत होतात.

आता मुलं पाठ करतात आणि निघतात. सोनम दहावीला आहे. धडे घडाघडा म्हणते आणि सराव परीक्षेत विज्ञानात नापास झाली. मार्चमध्ये पुन्हा तेच झालं तर वडील तिला कामाला लावणार आहेत. परीक्षेपर्यंत काकूला पाठवाल का?

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
संघमित्रा

माणगाव,
१२ डिसेंबर

चि. संघमित्रा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सुधीरला सांग, शेवटच्या रांगेला दिसेल असं फळ्यावर लिहायचं.

केशरचा गुडघा दुखतो. प्रवास झेपणार नाही.

इथे थंडी आहे. वालाला फुलं आली. संध्याकाळी आम्ही पडवीत बसतो. माझ्या कानांमुळे फारसं बोलणं होत नाही, पण ती असते.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
शिवराम

सानपाडा,
२० डिसेंबर

ती. केशरकाकूस सप्रेम जय भीम.

काका, हे पत्र काकूला वाचून दाखवा.

काकू, गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. सोबत तेल पाठवते आहे, चोळून घे. येण्याचं मनावर घेऊ नकोस. मी बोलावलंच नव्हतं असं समज.

तुझ्या जागी विहाराशेजारच्या यशोदाबाईंना बसवून पाहिलं. पहिल्याच मुलाला त्या म्हणाल्या, समजलं हो बाळा, जा घरी. मग त्यांना सगळ्यांचंच समजलं. बघता बघता विहार रिकामा. सोनम तेवढी जाईना. म्हणाली, ताई, त्यांना काही समजलेलं नाही, आणि मलाही नाही.

काकांना आणि तुला माझी माया.
तुझी,
संघमित्रा

माणगाव,
२८ डिसेंबर

चि. संघमित्रा हिस आशीर्वाद.

केशर सांगते आहे, मी लिहितो आहे.

पोरी, माझ्या गुडघ्याला काय झालंय ते मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तू मला बोलावलंस हेही आत्ताच कळलं. यांना विचारलं तर म्हणतात, ऐकू आलं नाही. यांना बरोबर नको तेवढंच ऐकू येत नाही. तेल यांच्या डोक्याला लावते.

यशोदाला काय बसवलंस दारात? तिला कुणाला नाही म्हणता येतं का? समजलं नाही असं पोराच्या तोंडावर सांगायला माणूस जरा निर्लज्ज लागतो. मला वाचायला शिकवायला हे किती मागे लागले होते. मी म्हटलं, मी शिकले तर पोरांनी सांगायचं कुणाला?

मी येते. सात तारखेला, मंगळवारी निघते, परीक्षा झाली की परत. हे लिहायचे थांबलेत. लिहा म्हटलं. यांना भात येतो, पिठलं येतं. भाकरी शेजारची मुक्ताबाई देईल. सोनमला म्हणावं, माझ्यासमोर घडाघडा चालायचं नाही.

इथपर्यंत तिचं.

हे तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दोन्ही वेळा लिहिलं तसंच वाचलं.

सकाळच्या एस्टीत बसवून देतो. पनवेलला कुणीतरी यावं. विहाराच्या दारात वारा लागतो, तिला शाल दे.

आता मला येणाऱ्या पत्रांत सांगणार ती आणि लिहिणार तू. ती सांगेल तसंच लिही. माझ्या मनाला लागेल म्हणून काही गाळू नकोस.

दोघींनी माया असू द्यावी.
तुझा काका,
शिवराम