न लावलेला कौल

मंगळवार, दिवेलागण

ह्यांच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट उद्या येणार. म्हणून सासूबाईंना घेऊन कोडोलीला देवीचा कौल लावायला गेले. मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं की चांगलं, डावीकडे पडलं की वाईट. गुरव फूल लावणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "कौल नको. नुसतं पायावर वाहा."

मला रागच आला. लेक त्यांचाच ना?

त्यांनी मलाच विचारलं, "डावा पडला तर देवीला सोडणार हायस व्हय गं?"

सोडलं असतं का मी? काय माहीत.

फूल पायाशीच राहिलं. ना उजवीकडे, ना डावीकडे.

आता त्या भाकरी थापतायत, हे शेंगा सोलतायत. ते फूल सारखं डोळ्यांपुढे येतंय. रिपोर्ट उद्याच आहे. पण कितीतरी दिवसांनी मला भूक लागली आहे.