बघून ये आणि मला सांग

१४ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार

चि. सोन्यास,

मावशीचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आईची बोटं जरा आखडलीत, म्हणून उत्तर मी लिहितेय. ती पलंगावर पडून मजकूर सांगतेय आणि मधूनमधून "अक्षर नीट काढ गं बये" म्हणून दटावतेय.

पुढच्या उन्हाळ्यात आईला तिकडे नेऊन तिथली संग्रहालयं दाखवीन, असं तू लिहिलंस. ते वाचून बाई एकदम उठून बसली. म्हणाली, "चल, त्याआधी आपणच एक फेरी मारून येऊ. तिकडे जाऊन अडाण्यासारखं नको दिसायला." म्हणून परवा आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं जुन्या शहरात गेलो. डबा, पाण्याची बाटली, स्वेटर, सगळा जामानिमा. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी खूश होती.

तिथे घरं एकमेकांना टेकून उभी आणि रस्ते दगडी. एकाच तिकिटात तीन संग्रहालयं. पहिल्याच्या दारात चाकाची खुर्ची मिळाली. "फुकट आहे तर बसते," आई म्हणाली. मग काय, मी ढकलतेय आणि ही हुकूम सोडतेय. एका भिंतीवर भलीमोठी लढाई होती. ती बघून म्हणाली, "एवढी माणसं मारायची म्हणजे तांबडा रंग नुसता पाण्यासारखा गेला असेल!" एका चित्रात जेवणाचं टेबल होतं. माणसं उठून गेलेली, फळांच्या साली तशाच, पेला कलंडलेला. तिथे बराच वेळ थांबली. "कुणी आवरलं नाही बघ," एवढंच बोलली. पुढच्या दालनात जुने सरदार होते. त्यातला एक अगदी आमच्या टेलिफोन एक्सचेंजच्या साहेबांसारखा, तशाच मिशा, तसंच पुढे आलेलं पोट. आम्ही इतक्या हसलो की पहारेकऱ्यानं डोळे वटारले.

एकंदरीत मजा आली. आईची तब्येत ठीक आहे. काळजी करू नकोस.

इथवरचं तिला वाचून दाखवलं. "छान झालंय, आता बंद कर," म्हणाली आणि तिचा डोळा लागला. पुढचं मी तिला न सांगता लिहितेय.

सोन्या, आईचं दुखणं उलटलंय. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी औषधं थांबवली. आता फक्त वेदना कमी करायच्या गोळ्या. थंडी सरेपर्यंतसुद्धा धरून चालू नका, असं त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. मी तोंड धुऊन खोलीत गेले, तर आई म्हणाली, "तुला आत्ता कळलं होय? मला केव्हाच सांगितलंय त्यांनी." म्हणजे तुझा उन्हाळा तिला दिसायचा नाही. पत्र वाचून ती उठून बसली, ती त्यामुळे.

दुसऱ्या संग्रहालयाचीही हकीकत आहे. तिथे नुसते जिने, आणि लिफ्ट बंद. खाली चौकात एक बाक होता. त्यावर ती बसली आणि म्हणाली, "तू बघून ये आणि मला सांग." मी वर गेले. पण कुठलं बघतेय! एका खांबाआड उभी राहून रडून घेतलं. खाली येऊन मनानंच रचून सांगितलं: नदी होती, नाव होती, पिवळी घरं होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "खोटं छान बोलतेस," म्हणाली, "मग सोन्याच्या पत्रातही तसंच लिही."

मी म्हटलं, "अगं, तुझा मुलगा आहे तो. त्याला कळवायला नको?"

"कळवलं आणि तो आला नाही, तर?" ती म्हणाली. "ते मला सोसायचं नाही. कळवलंच नाही, तर त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल. मलाही आणि त्यालाही."

याआधी दोनदा तू येतो म्हणालास. दोन्ही वेळा तिनं तुझी खोली झाडली, गादीला ऊन दिलं. मी दोष देत नाही, नोकरी नोकरीच्या जागी. तिनं माझ्याकडून शब्द घेतला आणि मी दिला.

तिसरं संग्रहालय राहिलंच. गाडीत तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. तिचं वजन जाणवलंच नाही, नुसता स्वेटर टेकल्यासारखं. घरी आल्यापासून ती पलंगावरून उतरलेली नाही.

'ये' असं लिहायला बसले होते. पेन त्याच अक्षरावर अडतंय. खरं सांगू? तू येशील असं मलाही वाटत नाही.

तू म्हणशील, रविवारी फोनवर तर आई अगदी ठणठणीत वाटते. तो तिचा कामावरचा आवाज आहे रे. एक्सचेंजमध्ये मी तिच्या शेजारच्या खुर्चीत अख्खी नोकरी काढली, मला ओळखू येतो. ताप असो, घरात मयत असो, कानाला हेडफोन लावला की आवाज स्वच्छ. रविवारी ती कोमट पाणी पिते, मी पाठीशी उशा लावते, ती ताठ बसते आणि तुझ्याशी बोलते. रिसीव्हर ठेवला की आडवी होते, ती दुसऱ्या दिवसापर्यंत.

न कळल्याची जी सोय तिनं तुझ्यासाठी राखून ठेवली होती, ती मी आज काढून घेतली. आता तुझं तू बघ. यायचं नसेल, तर रविवारी काहीच ठाऊक नसल्यासारखा बोल. आणि फोन लवकर ठेव. तिला फार वेळ ताठ बसवत नाही.

आईला दिलेला शब्द मोडलेली,
तुझी मावशी