कार्ड आहे म्हणून

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचे पोटभर आशीर्वाद.

तुमच्याकडे सगळे धडधाकट असतील, अशी आशा आहे. आम्हीही ठणठणीत आहोत, एक डोळा सोडला तर. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय. (कंसातलं मात्र माझं. – वहिनी)

तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. उजवा उत्तम आहे. (उत्तम नाही.) परवा मी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, तेव्हा आमच्या शिवणकारखान्याच्या मालकांनी मला दवाखान्यात पिटाळलं. मोफतच्या खिडकीवरच्या बाबूने विचारलं, विम्याचं कार्ड आहे का? मी ऐटीत काढून दाखवलं. मालकांनी सगळ्या कारागिरांना करून दिलंय ना. तर म्हणे, कार्डवाल्यांना मोफत नाही, शेजारी जा. शेजारच्या खिडकीवरची बाई म्हणाली, आजोबा, ह्या कार्डात फक्त अपघात बसतो, कुठे पडलात का? मी म्हटलं, अजून नाही. (भर रांगेत म्हणाले!) परत बाबूकडे. तो म्हणाला, कार्डात डोळा बसत नाही असं विमावाल्यांकडून लिहून आणा. विमावाले म्हणाले, काय बसतं तेवढंच आम्ही लिहून देतो, काय बसत नाही ते लिहायचं तर जन्म पुरायचा नाही. मग कार्डच परत करायला निघालो, तर नोकरी सोडल्याशिवाय कार्ड सुटत नाही म्हणे. अरे, नोकरी सुटू नये म्हणून तर डोळा हवाय! आता मला विमा आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय. नसता तर दिसलं असतं, आहे म्हणून दिसत नाही. पण माणसं भली रे. बाबूच्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं, ते मी तिथल्या तिथे टाचून दिलं. (बटण नव्हतं, त्याच्या ओळखपत्राचा बिल्ला होता.)

तुझा,
थोरला

ता. क. : काळजीचं काही नाही. तुझं ते जाड भिंग तेवढं पाठवून दे, म्हणजे सुई ओवता येईल. येण्याची तसदी घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. : भावोजी, हे अंघोळीला गेलेत, म्हणून कंसाबाहेर लिहिते. भिंग नको. तुम्ही रजा काढून या आणि ह्यांच्याबरोबर त्या खिडक्यांपुढे उभे राहा. ह्यांना भांडता येत नाही. काल जिन्यात हे समोरून येत होते. मी थांबले, तर मला म्हणाले, "बाई, जरा वाट देता का?"

मी दिली.